झाकणावर गुलाल नव्हता

१

टाकीचं पितळी झाकण स्वच्छ होतं.

एरवी त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. पण चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी जोतिबाच्या डोंगरावर स्वच्छ असं काही उरत नाही. आदल्या दिवशी उन्हं कलल्यावर पालखी निघाली, आणि पायऱ्या, शिखरं, बैलांची शिंगं, पारावरची कबुतरं सगळी गुलाबी होऊन गेली. धर्मशाळेच्या ओवरीत ठेवलेल्या पेट्रोल-इंजिनावरही गुलालाचा सारखा थर बसला होता. चाकाच्या आऱ्यांवर, पट्ट्यावर, डायनामोच्या पाठीवर. फक्त टाकीच्या झाकणावर नव्हता, आणि झाकणाभोवतीच्या बोटभर पट्टीवर नव्हता. कुणीतरी तो पुसून काढला होता. पुसल्याची कड गोल होती, एकसारखी, कंपासनं काढावी तशी.

सरोजिनीबाईंनी ते सकाळच्या उजेडात पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. पुण्याला पदार्थविज्ञान शिकून आल्यापासून त्या कोल्हापुरात मुलींना शास्त्र शिकवत होत्या. आधी पाहायचं आणि मग बोलायचं, हे त्या वर्गात रोज सांगायच्या.

"पुन्हा मारा हँडल," त्या म्हणाल्या.

अंबादास हा मुंबईच्या एका यंत्रं विकणाऱ्या पेढीचा एजंट. त्याची पांढरी पाटलोण कालपासून गुलाबी होती आणि तिची चीडही त्याच्या चेहऱ्यावर होती. त्यानं दात-ओठ खाऊन हँडल फिरवलं. इंजिन खोकलं, थरथरलं, गप्प झालं.

"काल दुपारी घड्याळासारखं चालत होतं हे! माझा मेकॅनिक पाय मुरगळून कोडोलीत पडलाय, तो असता तर..."

दारात अप्पासाहेब उभे होते. दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर आणि यंत्र-निवड समितीचे अध्यक्ष. करड्या मिश्या, बंद गळ्याचा कोट, कानाला गोड वाटेल असा आवाज.

"टाकी उघडून पाहा बरं," ते म्हणाले.

अंबादासनं झाकण फिरवलं, काठीला चिंधी बांधून तळ चाचपला. काठीला काहीतरी टणक लागलं. त्यानं चिमट्यानं ते वर काढलं आणि उजेडात धरलं.

लिंबाएवढा गुळाचा खडा होता तो.

अंबादास गर्रकन वळला. शेजारच्या ओवरीच्या दाराशी दुसऱ्या यंत्राचे मालक निसार मिस्त्री उभे होते.

"हा! ह्यानंच घातलाय! परवा ह्यानंच दोन खडे उचलले होते, सगळ्यांदेखत!"

२

दोन खडे उचलले होते हे खरं होतं.

परवा सगळे डोंगर चढून आले तेव्हा धर्मशाळेला लागून दुकान असलेल्या धोंडुबाईनं पितळीच्या ताटात गूळ आणि तांब्याभर पाणी पुढे केलं. ती गुलाल-खोबरं विकायची आणि यात्रेत उतारूंचं जेवणखाण बघायची. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी दिल्याशिवाय या मुलखात कुणी आत घेत नाही, आणि आलेल्यानंही ते नाकारायचं नसतं. सरोजिनीबाईंनी खडा खाल्ला. अप्पासाहेबांनी खडा कपाळाला लावला आणि ते भांडंभर पाणी प्यायले. निसार मिस्त्रींनी एक खडा कडाडा फोडून खाल्ला, दुसरा उचलला आणि म्हणाले, "मावशी, ह्यात सुंठ हाय व्हय? झकास!" अंबादासनं मात्र ताट हातानंच मागे सारलं. "नको, मी असलं उघड्यावरचं खात नाही." धोंडुबाई तेव्हापासून त्याच्याशी बोलली नव्हती.

हा सगळा खटाटोप कशासाठी होता, ते सांगायला हवं. डोंगरातून पाणी किती उतरतंय हे खालच्या गावांना वेळेत कळावं म्हणून नद्यांच्या वरच्या अंगाला पूरठाणी उभारली होती. प्रत्येक ठाण्यावर टेलिफोन आणि विजेची घंटा, दोन्ही बॅटरीवर चालणारी. बॅटरी उतरली की ती बैलगाडीनं कोल्हापुरात आणायची, भरायची आणि परत न्यायची. ऐन पावसात गाडीवाट चिखलात जाई. ज्या दिवशी ठाण्यानं ओरडायला हवं, नेमका त्याच दिवशी त्याचा घसा बसे. गेल्या श्रावणात वारणेकाठची एक वाडी अशीच काही न कळता पाण्यात गेली. निसार मिस्त्रींची थोरली बहीण ताजबी त्या वाडीत दिली होती.

म्हणून ठाण्यावरच वीज करणारं, माणसांना उचलून नेता येईल असं यंत्र हवं होतं. एकीकडे अंबादासचं विलायती पेट्रोल-इंजिन. दुसरीकडे निसार मिस्त्रींनी स्वतःच्या कारखान्यात जुळवलेला, दोघांनी आळीपाळीनं दांडा मारून फिरवायचा डायनामो. निवड दोन वर्षं लांबत चालली होती. अप्पासाहेब आधी म्हणाले, उन्हाळा सरू द्या; मग म्हणाले, विलायती माल येऊ द्या; मग म्हणाले, घाईनं कुणाचं भलं झालंय? शेवटी समितीतल्या इतरांनीच ठरवलं. यात्रेत जोतिबावरच्या टेलिफोनला नाहीतरी बॅटऱ्या लागतात, तिथेच दोन्ही यंत्रं चढवायची, धुळीत आणि गर्दीत चालवायची, आणि डोंगर उतरायच्या आत अध्यक्षांनी निर्णय सांगायचा. मोजमापाला सरोजिनीबाईंना घ्यावं, असं अप्पासाहेबांनीच सुचवलं होतं. लोक कुजबुजले, तेव्हा ते म्हणाले होते, "काट्याला बाई-पुरुष कळत नाही."

आता तेच अप्पासाहेब थकलेल्या आवाजात सांगत होते.

"चाचणी रद्द. दुसरं काय करणार? फौजदारांना बोलवा. मिस्त्रींचं यंत्र स्पर्धेतून बाद, हे इंजिन नादुरुस्त. पावसाळ्यानंतर पुन्हा पाहू. सरोजिनीबाई, अहवालावर सही करा."

"पावसाळ्यानंतर?" निसार मिस्त्री एवढंच बोलले. मग भिंतीला टेकून खाली बसले. धाकटा भाऊ अमीन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

सरोजिनीबाईंनी टाक उचलला नाही.

"मी सही करणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. मला काय झालं ते कळलेलं नाही, आणि मला न कळलेल्या गोष्टीखाली मी नाव लिहीत नाही."

अंबादास हसला. "बाई, गूळ टाकीत आहे. ह्यात कळायचं काय राहिलं?"

"तो टाकीत कधी गेला, ते राहिलं."

"फौजदार यायला वेळ लागेल," अप्पासाहेब हळूच म्हणाले. "हट्ट करू नका. तुमच्याच नावाला बट्टा लागेल."

"माझं नाव मी बघून घेईन. दुपारच्या आरतीपर्यंत कुणी इंजिनाला हात लावायचा नाही. माझ्याशिवाय."

३

धोंडुबाई ताटात खोबऱ्याच्या वाट्या रचत होती. तिचे हात कोपरापर्यंत गुलाबी होते.

"बाई, त्यो खडा माज्याच ताटातला हाय," तिनं वास घेऊन सांगितलं. "सुंठ लागतीया नव्हं? कोडोलीच्या गुऱ्हाळावरनं मी मुद्दाम घालून आनती. डोंगरावर दुसऱ्या कुनाकडं असला न्हाय."

"घरातून कुणी नेला असेल?"

"घरात हाय कुठं! परवा तुम्हांस्नी दिला त्योच शेवटचा. ताट रिकामं झालं, मी घासून टाकलं. ह्या गर्दीत परत गुऱ्हाळाकडं कोन जातंय?"

"निसार मिस्त्रींनी दोन घेतले."

"घेतलं की! एक खाल्ला, दुसरा माज्याच हातावर ठेवला. म्हनला, 'मावशी, ह्येचा च्या कर. अमीनला बी लागंल.' मी केला. दोघांनी पिला, उरला त्यो मी पिला. त्या पाटलोनवाल्याला इचारा, त्यानं नाक मुरडलं तवा च्या उकळतच हुता."

"हे सकाळी का नाही सांगितलंत?"

धोंडुबाईनं वाटी आपटली. "मला इचारलं कुनी? समदं बापय वरडत हुतं!"

बाहेर जोत्यावर बाळासो बसला होता. पूरठाण्यांच्या बॅटऱ्या वाहायचं काम त्याच्या बैलगाड्यांकडे होतं. कुठलंही यंत्र निवडलं गेलं तर ते काम संपणार होतं. दोन्ही यंत्रांना पायथ्यापासून वर आणलं होतं तेही त्याच्याच गड्यांनी.

"या बाई, या. माझीच वाट बघत बसलोय," तो आवाज चढवूनच बोलला. "आता म्हना, बाळासोनं घातला गूळ. घातला आसता की! पर गुळानं यंत्र मरतंय हे मला ठावं न्हवतं. मी फोडायला दगड घेतला आसता."

"पालखीच्या वेळी कुठं होता?"

"सासनकाठीखाली! पालखीपुढं काठी नाचवायचा गावाचा मान हाय, सोडून जातो व्हय? हे बघा." त्यानं पंजे पसरले. तळव्याच्या रेषांतून, नखांच्या बुडातून गुलाल गच्च भरला होता. "रातीपासनं तीनदा धुतलं. चार दिस जात न्हाय ह्यो रंग. बायको म्हनती, भाकरी बी गुलाबी हुत्या."

सरोजिनीबाईंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. संध्याकाळभर त्या निसार मिस्त्रींच्या ओवरीत व्होल्टमीटरसमोर बसल्या होत्या आणि अमीन त्यांच्या डोळ्यांसमोर दांडा मारत होता. तरी वाऱ्यानं आलेला गुलाल त्यांच्या बाह्यांवर होता. बोटांवर मात्र नव्हता. मीटरची काच धुरकट होऊ नये म्हणून त्या हात कापडात गुंडाळून बसल्या होत्या.

त्या एकदम उठल्या.

"काय झालं?" बाळासोनं विचारलं.

"टाकीचा तळ पाहायचा राहिला."

४

काचेच्या बरणीत टाकीतलं सगळं पेट्रोल ओतून घेतलं, तळ स्वच्छ फडक्यानं पुसून पाहिला. पेट्रोल नितळ होतं. फडकं पांढरंच राहिलं.

त्यांनी मग गुळाचा तुकडा त्याच बरणीत टाकला आणि काचेच्या कांडीनं बराच वेळ ढवळला. गूळ तसाच. कडा तशाच धारदार, पेट्रोल तसंच नितळ.

"साखर, गूळ पेट्रोलमध्ये विरघळत नाही," त्या म्हणाल्या. "टाकीतून पेट्रोल खाली नळीत मोकळं येतंय, मी पाहिलं. गूळ तळाशी दगडासारखा बसून होता. त्यानं इंजिन बंद पडायचं कारण नाही."

"मग बंद कशानं पडलं?" अंबादास तणतणला. "माझ्या यंत्रात खोट आहे म्हणायचंय?"

"पाना द्या."

"तुम्ही उघडणार?"

"तुम्ही उघडा, मला चालेल."

अंबादासनं पान्याकडे पाहिलं, पाटलोणीकडे पाहिलं आणि पाना त्यांच्या हातात दिला. जिथे हवा आणि पेट्रोल एकत्र होतात ती पितळी डबी सरोजिनीबाईंनी सोडवली. हवा ओढायच्या नळीच्या तोंडापासून आतपर्यंत तपकिरी चिकट लगदा थापून बसला होता. हवा जायला सुईएवढीही वाट नव्हती.

अंबादास टाळी वाजवून हसला. "हा काय गूळ! वितळून इथपर्यंत आलाय! बाई, तुम्हीच माझा पुरावा शोधून दिलात."

दारात जमलेल्या लोकांत कुजबुज झाली. लगद्याचा रंग खरोखरच गुळाचा होता.

निसार मिस्त्रींनी मान वर केली.

"बाई, राहू द्या. तुमी लई केलं. फौजदार आलं म्हंजी मी जातो खाली. पर एक करा. माजा डायनामो अमीनला द्या. कुठल्यातरी ठान्यावर फुकट ठेवील त्यो. ह्या पावसात कुनाचं तरी घर वाचंल."

"मिस्त्री, तुम्ही गूळ घातलात?"

"न्हाय."

"मग जातो कशाला म्हणता?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "बसा तिथं. आणि कुणीतरी यात्रेच्या दवाखान्यातून टिंक्चर आयोडीनची बाटली आणा."

५

बाटली आली. तिच्याबरोबर फौजदारही आले, आणि देवळातून परतलेले अर्धेअधिक भाविकही.

सरोजिनीबाईंनी दोन बशा घेतल्या. एकीत गुळाचा तुकडा गरम पाण्यात कालवला. दुसरीत डबीतला लगदा खरवडून गरम पाण्यात घोळवला, वर आलेलं तेल काढून टाकलं. दोन्हींत तपकिरी पाणी दिसत होतं. सांगितल्याशिवाय कोणतं कुठलं ते कळलं नसतं.

"गुळावर आयोडीन टाकते." थेंब पडला. पाणी तपकिरीच राहिलं.

"आता लगद्यावर."

थेंब पडला आणि पाणी बघता बघता निळं-काळं झालं, शाईसारखं.

"आयोडीननं निळं होतं ते पीठ," त्या म्हणाल्या. "गुळात पीठ नसतं. धोंडुबाई, तुमचा गुलाल कशाचा?"

"तांदळाच्या पिठीचा. आनि कशाचा आसनार?"

"तेलात आणि आचेत त्याचा रंग गेला, पीठ राहिलं. काल पालखी दारावरून गेली तेव्हा इंजिन चालू होतं. त्यानं हवेबरोबर गुलाल ओढला आणि गुदमरून बंद पडलं. हलगी आणि चांगभलंच्या गजरात कुणाला ऐकू आलं नाही. कुणीही ते बंद पाडलेलं नाही."

अंबादास खाली बसला. "जाळी बसवून देता येईल," तो स्वतःशीच म्हणाला. "बारीक तारेची जाळी."

फौजदारांनी मिशीवरून हात फिरवला. "मग बाई, गूळ?"

"गूळ नंतर आला. इंजिन आधीच मेलं होतं. झाकणावरचा गुलाल पुसून ते उघडलं गेलं, म्हणजे गुलाल बसल्यानंतर. आणि पालखी गेल्यावर दिवेलागणीला मी या ओवरीच्या दाराला लाखेची मोहर लावली. इंजिन गप्प होतं, पण ते अंबादासरावांनीच बंद केलं असेल असं मला वाटलं. सकाळी मोहर मोडलेली नव्हती. मधल्या त्या थोड्या वेळातच कुणीतरी आत होतं."

"त्या वेळी निसार पाणी आणायला बाहेर गेला होता!" अंबादासनं आठवण दिली.

"गेले होते. परत आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी होते, हातातली घागरसुद्धा. मी स्वतः पाहिलं. काल जो कुणी धर्मशाळेच्या उंबऱ्याबाहेर पडला त्याचे हात आजही रंगलेले आहेत. बाळासोंचे बघा. तुमचे बघा, अंबादासराव. अशा हातानं खडा टाकीत सोडला असता तर गुलाल पेट्रोलमध्ये विरघळला नसता, तळाशी साचला असता. तळ स्वच्छ आहे."

त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांना सकाळी ठाऊक नव्हतं, पण आता ते समोर होतं आणि त्यांना ते नको होतं.

उंबऱ्याबाहेर न गेलेले तिघेच होते. त्या स्वतः, त्यांच्यासमोर दांडा मारणारा अमीन, आणि डोकं दुखतंय म्हणून कडेच्या खोलीत पडून राहिलेले अप्पासाहेब.

त्यांना शाळेचा बक्षीस-समारंभ आठवला. पेढ्यांचं ताट फिरत आलं की अप्पासाहेब पेढा घेत, कपाळाला लावत, आणि तो हळूच खिशात जाई. वैद्यांनी गोड तोडलं होतं, पण देणाऱ्याचा हात परतवणं त्यांना जमत नसे. त्यांनीच तर समितीला ठासून सांगितलं होतं की मोजमाप या बाईच करतील.

एकदा वाटलं, इथेच थांबावं. निसार मिस्त्री सुटले, पुरे झालं. बाकीचं गुलदस्त्यात राहू द्यावं.

मग त्यांनी निसार मिस्त्रींकडे पाहिलं. सुटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. ते ओवरीच्या दारातून खाली, धुरकट दिसणाऱ्या वारणेच्या खोऱ्याकडे बघत होते.

"अप्पासाहेब," सरोजिनीबाई म्हणाल्या, "परवा धोंडुबाईंनी तुम्हाला दिलेला खडा कुठे आहे?"

६

कबुतरं तेवढी फडफडली.

अप्पासाहेबांनी हात कोटाच्या खिशाकडे नेला आणि अर्ध्यावरच खाली सोडला.

"बाई, काय बोलताय?" फौजदार कडाडले. "कुणाशी बोलताय?"

"त्यांना बोलू द्या," अप्पासाहेब म्हणाले.

"ज्यानं हे केलं," सरोजिनीबाई सांगू लागल्या, आणि प्रत्येक शब्द वेगळा ठेवत राहिल्या, "त्यानं झाकण उघडायच्या आधी भोवतालची धूळ पुसली. टाकीत कचरा जाऊ नये म्हणून. यंत्राचा घात करायला आलेला माणूस असं करत नाही. ज्याचा हात जन्मभर यंत्रावर वळलाय तो करतो, न ठरवता. आणि पेट्रोलमध्ये गूळ विरघळत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला इंजिन बिघडवायचं नव्हतंच. फक्त टाकीत काहीतरी सापडायला हवं होतं. म्हणून सकाळी आम्ही हँडलशी झगडत होतो तेव्हा त्यानं टाकी उघडायला सांगितलं."

"पण कशासाठी?" अंबादासला खरंच कळत नव्हतं. "अप्पासाहेबांना काय मिळणार होतं?"

"मुदत," सरोजिनीबाई म्हणाल्या.

अप्पासाहेब धर्मशाळेच्या दगडी बाकावर बसले. त्यांनी स्वतःच्या स्वच्छ हातांकडे पाहिलं.

"खोलीत पडलो होतो," ते म्हणाले. "इंजिनाचा आवाज थांबलेला मला कळला. तुम्हाला नाही कळला, मला कळतो. येऊन पाहिलं. हे गप्प, आणि भिंतीपलीकडे मिस्त्रींचा दांडा चालूच. आता काही बोलायला जागाच उरली नव्हती. निर्णय आपोआप झाला होता. मिस्त्री हेच यंत्र घेऊन दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. मी म्हटलं होतं, पाहू. आज ते निवडलं, तर पहिला प्रश्न हा की तेव्हा का नाही? आणि वाडी... तुमच्यावर आळ येईल असं वाटलं नव्हतं, मिस्त्री. खरंच नाही. आल्यावर मी तोंड उघडलं नाही, हेही खरं."

निसार मिस्त्री सावकाश उठले. अमीननं त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

"सायेब, माजी ताजबी घंटेची वाट बघत बसली हुती," ते म्हणाले. "शेजारनं सांगितलं, चला वर. ती म्हनली, ठानं हाय, घंटा वाजंल. तिचा इस्वास हुता दरबारच्या घंटेवर." त्यांनी खोऱ्याकडे हात केला. "मला तुमची माफी नको. तुमाला फौजदारानं न्यावं, ह्ये बी नको. त्यानं ठान्यात बॅटरी भरत न्हाय."

फौजदार खाकरले. "मग अहवालात लिहायचं काय?"

"मी राजीनामा देतो," अप्पासाहेब उठत म्हणाले. "दरबारात सगळं कबूल करतो. नवे अध्यक्ष नेमले जातील. ते सावकाश विचार करून..."

"नाही."

सरोजिनीबाई ओवरीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी वाट अडवली आहे हे त्यांनाही तेव्हाच जाणवलं, आणि त्या बाजूला झाल्या नाहीत.

"नवे अध्यक्ष म्हणजे नवी मुदत. तुम्ही गुन्हासुद्धा अर्धाच केलात, अप्पासाहेब. बिघडवल्याचा देखावा केलात आणि बिघडणार नाही असं टाकलंत. राजीनामा उद्या द्या, आज तुम्ही अध्यक्ष आहात. मला समितीवर घेतलंत तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, काट्याला बाई-पुरुष कळत नाही. मग काटा काय सांगतो ते ऐका. इंजिन बॅटरी लवकर भरतं, फार लवकर. मी ते लपवणार नाही. सपाटीवर, शहरात, जिथे पेट्रोलचा डबा रोज पोचतो तिथे तेच घ्यावं. जाळी लावून."

अंबादासनं मान वर केली.

"पण आषाढात डोंगरातल्या ठाण्यावर पेट्रोल पोचत नाही, मेकॅनिक पोचत नाही. तिथे दोन चौकीदार असतात आणि त्यांचे चार हात. मिस्त्रींचं यंत्र हळू भरतं, पण काल गुलालात थांबलं नाही. अडलं तर गावचा लोहार त्याला बघू शकतो."

"आन् वर न्यायला गाडी लागत न्हाय," बाळासो मागून ओरडला. मग स्वतःवरच चिडून म्हणाला, "मी का सांगतोय ह्ये! माजंच काम बुडतंय की!"

लोक हसले. अप्पासाहेब हसले नाहीत.

"मला लेखी द्यावं लागेल," ते पुटपुटले. "समितीसमोर ठेवून..."

"समितीनं तुम्हालाच सांगितलंय की डोंगर उतरायच्या आत बोला. लेखी मी देते. तुम्ही बोला. इथे, ह्या लोकांसमोर. हे सगळे नदीकाठच्या गावांचे आहेत, त्यांना ऐकू द्या."

"सरोजिनीबाई, मी तुम्हाला इथवर आणलं."

"आणलंत. म्हणूनच विचारतेय. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तुम्ही अजून एकदा 'पाहू' म्हणाला असतात."

देवळाकडून दुपारच्या आरतीची घंटा वाजू लागली. अप्पासाहेबांनी टोपी काढली, हातात धरली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पोरांची तोंडं पदरात दाबून धरली होती. अप्पासाहेबांनी एकदा निसार मिस्त्रींकडे पाहिलं आणि नजर वळवली नाही.

"डोंगरातल्या सगळ्या पूरठाण्यांवर," ते म्हणाले, आणि घसा साफ करून पुन्हा, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "सगळ्या पूरठाण्यांवर, मृग लागायच्या आत, निसार मिस्त्रींचा डायनामो बसेल. हा निर्णय माझा आहे."